रेघ आली

कॅम्प चारच्या बाजारातल्या बॅटरीच्या दुकानात मी वसंताची वाट बघत उभा होतो. जुनी बॅटरी देऊन नवी घ्यायची आणि रिक्षात टाकून शिरगावला न्यायची, असं आमचं ठरलं होतं. दुकानातला फोन वाजला. सिंधी शेठने ऐकून घेतलं, रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साईं, वसंतभाई अब नहीं आएंगे." मी विचारलं, "फिर कल आएगा क्या?"... त्याने मला स्टुलावर बसवलं. आनंदनगरच्या कारखान्यात वसंता मशीनवरच कोसळला आणि गेला होता. हे ऐकूनही मी रस्त्याकडेच बघत होतो. आज काही आठवडे झाले, तरी डोकं तिथेच अडकलंय.

वसंता गायकवाड माझा चाळीतला शेजारी. नव्वदच्या आधीपासूनच शिरगावात लाइट मनाला येईल तेव्हा जायची. वसंताने सहा घरांची वर्गणी काढली, मोठी बॅटरी आणली आणि प्रत्येक खोलीत एकेक छोटा दिवा दिला. "बाहेरची लाइट गेली की आपली चाळ म्हणजे बेट," तो म्हणायचा. "बेटावर दुसरीकडून काही येत नाही. आहे त्यात भागवायचं." बॅटरीच्या मीटरच्या काचेवर त्याने बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. काटा तिथे उतरला की दारातून "रेघ आली" असं ओरडायचा आणि बटण बंद करायचा. चाळीतले पवारकाका हटकून भांडायचे.

"अरे, निम्मी शिल्लक आहे की. तिचं काय लोणचं घालणार?"

"काका, बॅटरी घेताना महाग पडत नाही, रिकामी करताना पडते. रोज तळापर्यंत ओढली तर लवकरच भंगारात जाईल. मग पुन्हा वर्गणी. द्याल?"

काका पुढच्या वेळी पुन्हा भांडायचे. बॅटरी मात्र खरंच टिकली.

आणि हाच माणूस स्वतः डबल पाळ्या करायचा. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर म्हणाला, "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघू." मला रडू यायच्या आधी रागच येतो. स्वतःसाठी एक रेघ का नाही ओढलीस रे...

वसंताच्या पुण्यानुमोदनाच्या संध्याकाळी, त्याच्या खोलीत बुद्धवंदना चालू असतानाच लाइट गेली. वसंताचे दिवे लागले. नवी बॅटरी आणायची राहूनच गेली होती, जुनी थकलेली, त्यामुळे काटा भराभर उतरू लागला. सगळ्यांचं लक्ष तिकडे. पण ओरडणार कोण? काटा रेघेला टेकला. पवारकाका उठून बटणापाशी गेले आणि हात न लावता वहिनींकडे बघत उभे राहिले.

"रेघ आली," वहिनी म्हणाल्या, अगदी हळू.

काकांनी बटण दाबलं. सहाही खोल्या काळोखात गेल्या, फोटोपुढची मेणबत्ती तेवढी राहिली. वसंता आता येणार नाही, हे मला तेव्हा कळलं.