प्रभुभोजनाचे चिमुकले पेले

आमच्या ल्यूथरपंथी देवळात प्रभुभोजनाला आता ताटातून द्राक्षारसाचे काचेचे चिमुकले पेले फिरतात, खोकल्याच्या औषधाला असतात तेवढे. ज्याचा त्याचा पेला वेगळा. पूर्वी चांदीचा एकच पेला असायचा आणि तो सगळ्यांच्या ओठांना लागायचा.

पाचशे वर्षांपूर्वी आमच्या पंथाच्या मूळपुरुषाने पोपशी भांडण मांडलं, त्यात हाही एक मुद्दा होता. तोवर द्राक्षारस फक्त धर्मगुरू प्यायचे, लोकांना नुसती भाकर. हा म्हणाला, विश्वास ठेवणारा प्रत्येक जण याजकच आहे आणि देवाची कृपा कुणाची लायकी बघून मिळत नाही. मग पेला लोकांच्या हाती आला.

आमच्याकडे तो टिकला, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीतली काही घरं मंडळीत येईपर्यंतच. पुढच्याच सभेत पंचांनी हे पेले आणायचं ठरवलं. मी कारण विचारलं, तर थोरले पंच टाय सारखा करत म्हणाले, “आरोग्याच्या दृष्टीनं बरं.” विटाळ हा शब्द आम्ही आता वापरत नाही.

आज उपासनेनंतर मी मागच्या अंगणात गेले, तर त्याच वस्तीतल्या यमुनाबाई नळाखाली पेले विसळत होत्या. एकेक पेला उन्हात धरून बघायच्या आणि पदराने पुसून ताटात ठेवायच्या. थोरले पंच दारातून डोकावले.

“यमुनाबाई, नीट धुवा बरं. सगळ्यांच्या तोंडाला लागतात.”

“लागतात की,” बाई म्हणाल्या, आणि पुढचा पेला त्यांनी पदरात घेतला.