शेजारी बसणारे साडू

परभणी जिल्ह्यात माणसाला मन असतं, हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात आलं असेल, तर ते माझ्या साडूंच्या. त्याआधी आमच्याकडे माणसाला पोट होतं, पाठ होती, नशीब होतं, फार तर कुणाच्या अंगात येत असे. मन मात्र फक्त कीर्तनात लागायचं आणि कीर्तन संपलं की देवळातच राहायचं. साडू परभणीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ सगळाच वेळ, संशोधन करत. विषय होता किशोरवयीन मुलामुलींची दिवास्वप्नं आणि त्यांचा मानसिक आरोग्याशी संबंध. चौदा-पंधरा वर्षांचं पोर रिकामं बसून कुठे तरी बघत असलं, की आमच्यासारखे लोक त्याला पाणी आणायला पाठवत. साडू मात्र अशा पोराजवळ चपला काढून थांबत. या प्रबंधावर त्यांचं विभागप्रमुख होणं अवलंबून होतं, पण त्याहून मोठी गोष्ट एकदा त्यांनी मला सांगितली होती. "माझंही एक दिवास्वप्न आहे. नावामागे डॉक्टर लागलंय आणि मी आमच्या गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरतोय. पुढे काही नाही. नुसता उतरतोय."

सुरुवातीला त्यांनी संशोधन रीतसर केलं. परदेशातून आलेली एक प्रश्नावली होती, तिचं भाषांतर करून ते बोरीच्या शाळेत गेले. गावात बातमी आधीच पोहोचली होती की येड्यांचे डॉक्टर आलेत. एक शेतकरी आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आला. "साहेब, याला बघा बरं. लय इच्यार करायलाय. खुरपं हातात घेऊन उभा राहतंय नुसतं." साडूंनी मुलाला प्रश्न विचारला, "राग आल्यावर तुम्ही आपल्या खोलीचं दार आपटता का?" मुलानं आधी बापाकडे बघितलं. मग म्हणाला, "सर, दार एकच हाय घराला. ते आपटलं तर म्हातारी उठती." साडूंनी परतीच्या एसटीत ती प्रश्नावली शेजारच्या बाईला दिली, तिनं तिच्यावर बोरं ठेवली, आणि मराठवाड्यातल्या मानसशास्त्रानं परदेशाशी असलेले संबंध तिथे तोडले.

नवी पद्धत त्यांना पाथरीहून येताना एका जीपमध्ये सापडली. जीप इतकी भरली होती की साडू आणि एक मुलगा मागच्या फळीवर पाय बाहेर सोडून बसले होते. मुलाचं घर ऊसतोडीला जाणारं. दोघांची तोंडं मागे पळणाऱ्या रस्त्याकडे. मानवतपर्यंत तो पोरगा आपण होऊन बोलत राहिला. दिवाळी झाली की सगळे उसाला जातात. त्याला एकदा, फक्त एकदा, मागे राहायचं होतं. कशाला? तर आपण सगळे गेल्यावर आपलं गाव कसं दिसतं, ते बघायला. साडू घरी आले ते तरंगतच. त्यांचा सिद्धांत असा ठरला, की आमच्याकडचं माणूस समोर बसलेल्याला उत्तर देतं आणि शेजारी बसलेल्याला खरं सांगतं. समोर बसतो तो मास्तर, फौजदार किंवा मुलगी बघायला आलेला. शेजारी बसतो तो आपला.

तेव्हापासून माझे साडू आयुष्यात कुणाच्या समोर म्हणून बसले नाहीत. आमच्या घरी आले की आधी खुर्च्या फिरवत. कॉलेजात वरच्या जागेसाठी मुलाखत होती, तिथे त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि थेट अध्यक्षांच्या खांद्याला खांदा लावून बसले. अध्यक्षांना वाटलं, हे गृहस्थ कानात कुणा पुढाऱ्याचं नाव सांगणार. ते विश्वासानं कान पुढे करून वाट बघत राहिले. साडूही अध्यक्ष मन मोकळं करतील म्हणून वाट बघत राहिले. मुलाखत तशीच संपली. एका परिसंवादात मंत्रिमहोदयांनी समई पेटवून तरुणांना उद्याचे आधारस्तंभ म्हटलं, तेव्हा साडू व्यासपीठावरची आपली खुर्ची सोडून शेवटच्या रांगेत दोन पोरांच्या मध्ये जाऊन बसले होते. "आधारस्तंभांना झोप आलीय," एवढंच त्यांनी नंतर मला सांगितलं.

मी तेव्हा येलदरीला धरणाच्या वसाहतीत नोकरीला होतो. ते रविवारी येत, आणि व्हरांड्यात, समोर पसरलेल्या पाण्याकडे बघत बसत. त्या पाण्याचा गुण असा, की त्याच्याकडे बघता बघता माणसाला आपलं वय विसरायला होतं. एकदा मी बाजारातून आलो तर माझी बायको त्यांच्या शेजारी बसून बोलत होती. माझी चाहूल लागताच ती उठून आत गेली. एसटीपर्यंत सोडायला जाताना मी विचारलं, "काय सांगत होती हो ही?" "ते त्यांचं आहे," साडू म्हणाले. घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला ऐकायचं असतं तर इतक्या वर्षांत बसला असता की शेजारी." ते काय होतं, मला आजतागायत कळलेलं नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि तो पावसाळा आला. गावागावांत दलितांची घरं पेटली. आमच्या वसाहतीत लोक त्या दिवसांत हळू बोलत आणि रेडिओ मोठ्यानं लावत. जिंतूरकडच्या एका गावातलं असंच घर जळालेलं एक कुटुंब परभणीत नातेवाइकांकडे येऊन राहिलं. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी साडू जात त्या शाळेत येऊ लागली. ती कुणाशी बोलत नसे. साडू मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या पायरीवर तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसत, दोघं समोरच्या लिंबाकडे बघत, आणि घंटा झाली की उठत. असे कित्येक दिवस गेले. एक दिवस ती बोलली. त्या रात्रीबद्दल, आणि त्यानंतर तिला जागेपणी काय काय दिसतं त्याबद्दल. मधली सुट्टी संपली, पुढचे तासही संपले. उठताना ती म्हणाली, "सर, हे तुमाला सांगितलं. कागदाला न्हाई."

साडूंच्या मार्गदर्शकांना यातलं एवढंच कळलं की अशी एक मुलगी आहे. हे गृहस्थ विद्यापीठात मोठे होते आणि आपण मोठे आहोत हे त्यांना झोपेतही आठवत असे. मी साडूंबरोबर गेलो होतो. मार्गदर्शक म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे, पण प्रबंधाचा प्राण हे प्रकरण आहे. ते लिहा. पदवी तर मिळेलच, बाहेरून बोलावणं येईल."

"ती नको म्हणाली आहे, सर."

"मग नाव बदला. गाव बदला."

"नाव बदललं तरी ती स्वतःला ओळखेल ना."

"मग मीही सही करू शकत नाही," मार्गदर्शक म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच केली नाही.

त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. साडूंचे विद्यार्थी डॉक्टर झाले, एक तर त्यांचाच विभागप्रमुख झाला आणि त्यांना रजेचे अर्ज नीट लिहायला शिकवू लागला. मेहुणी म्हणे, "आमच्या गल्लीत डॉक्टर येतो तो शेजारच्यांची म्हैस बघायला." साडू हसत. पोरांजवळ बसणं त्यांनी सोडलं नाही. अधूनमधून ते बोलता बोलता थांबत आणि खिडकीबाहेर बघत राहत. तेव्हा मला वाटे, आत्ता हे फाट्यावर उतरत असतील.

विद्यापीठाच्या नामविस्ताराची ती संक्रांत होऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत ती मुलगी आली. आता पाथरीला शिक्षिका होती. स्वच्छ सुती साडी, हातात छत्री, बोलणं पुस्तकासारखं नीट. मी परभणीत त्यांच्याकडेच होतो. तिला कुणाकडून तरी उशिरा कळलं होतं की सरांची पदवी कशावर अडली. ती म्हणाली, "सर, मी मुद्दाम आलेय. आता लिहा. माझी काही हरकत नाही." मेहुणीच्या चेहऱ्यावर असं हसू मी तिच्या लग्नानंतर प्रथमच पाहिलं. साडूंचाही चेहरा क्षणभर उजळला, हे मी पाहिलं आहे. मग ते विचारात पडले.

"तू आता केवढी आहेस?"

"एकतीस पुरी होतील."

"मला सांगितलं ती पंधराची होती. ती नको म्हणाली होती."

"सर, ती मीच की!"

"हो. पण तिच्या वतीनं तू कसं हो म्हणशील?"

मी वैतागलो. "अहो, काय चाललंय काय? हो म्हणतेय ना बाई!" मेहुणीनं कपबशा जरा जोरात ठेवल्या. ती शिक्षिका आधी हसली. मग हसायची थांबली. "मग त्या मुलीला विचारायचं कुणी, सर?"

"तूच विचार. घाई करू नकोस. ती पटकन बोलत नाही."

ती खिडकीबाहेर बघत बसली. साडूही तिकडेच बघत राहिले. रस्त्यावरून कडब्याची एक गाडी डोलत गेली, धूळ वर उठली, उन्हात थोडा वेळ टिकली आणि विरली. चहावर साय धरली. नवल म्हणजे मलाही बोलावंसं वाटेना. बऱ्याच वेळानं ती बोलली तेव्हा आवाज वेगळा होता, भाषाही शाळेतली नव्हती.

"अजून न्हाई म्हणायली, सर."

साडूंनी मान हलवली. "बरं," ते हलकेच म्हणाले. "मग राहू दे."