बिनआवाजाचं इंजिन

निवृत्त हेडमास्तर एका जुन्या मोटारीच्या दुरुस्तीमागे लागले, त्याला अकरा वर्षं झाली. रंग असा चकाचक, की त्यात बघून दाढी करावी. इंजिन मात्र सुटं होऊन स्वयंपाकघरात डब्यांमागे पडलेलं. पण जुन्या मोटारींच्या क्लबचा मेळावा चुकवतील तर ते हेडमास्तर कसले! "एकसारखं ढकल, हिसके नकोत," असं बायकोला बजावून ते स्टिअरिंगवर बसले आणि उतारावरून हात हलवत ऐटीत मैदानात शिरले.

क्लबचे अध्यक्ष थक्कच झाले. "कमाल आहे! इंजिनाचा आवाज अजिबात येत नाही!"

तेवढ्यात मागून घामाघूम बायको येऊन पोचली.

"येतोय की, साहेब," ती म्हणाली. "जरा इकडे कान करा. केव्हाचं धापा टाकतंय."