जनाआजीला घाबरलेलं मशीन

"पण माइकचं काय बदललंय ते वाचलं का कोणी?"

दादाचा पार्टनर परेश हे बोलला, तेव्हा मी चहाचे कप उचलायला हॉलमध्ये होते. चूक तिथेच झाली. (स्वयंपाकघरात असते तर ही आठवण दुसऱ्या कोणाला लिहावी लागली असती.) दादाच्या डीजे मशीनसाठी कंपनीने नवीन अपडेट काढलं होतं. डीजेंच्या ग्रुपवर अर्धे म्हणत होते, लगेच टाका, झकास आहे. उरलेले म्हणत होते, फंक्शनच्या दिवशी हात लावू नका, वाट लागेल. आणि त्याच दुपारी कांजूर गावात आमच्या चुलतबहिणीची, मयूरीची हळद होती.

"सोनल वाचेल ना. इंग्लिश मीडियमची आहे ती," दादा म्हणाला.

त्या इंग्लिश मीडियममध्ये मी एकदाही हात वर केला नव्हता, हे घरी कोणाला माहीत नाही. अपडेटमधल्या बदलांची यादी लांबलचक होती. माइकच्या एका सेटिंगपुढे 'आता अधिक सुधारित' असं लिहिलेलं दिसलं. "चांगलं आहे," मी म्हणाले आणि अपडेट टाकून ते सेटिंग चालूही केलं. (कंपनी स्वतःच्या वस्तूला बिघडलेली कशाला म्हणेल?)

दादासाठी ती हळद म्हणजे परीक्षा होती. पप्पांनी बजावलं होतं, "आज नीट झालं तर बघू. नाहीतर मशीन माळ्यावर आणि तू माझ्या मित्राच्या ऑफिसात."

मांडवात दोनेकशे माणसं नाचत होती. माइक चौरंगाजवळ स्टँडवर होता आणि त्याला खेटून बसली होती जनाआजी, आमच्या गावची धवलारीण. हळद लावताना धवले, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, तीच गाते. दर लग्नात डीजेच्या दणक्यात तिचा आवाज वाहून जातो, तरी ती गातेच.

त्या दिवशी तिने फक्त घसा खाकरला. मांडवातलं म्युझिक धाडकन खाली बसलं. ती थांबली, म्युझिक परत वर. नाचणारे हात हवेतच राहिले.

"वायर हलली का रे?" दादाने विचारलं.

"वायर नाही," परेश म्हणाला, "म्हातारी हलली."

काय सुधारलं होतं ते मला तेव्हा कळलं. ते सेटिंग चालू असलं की माइकवर कोणी बोललं तर म्युझिक आपोआप दबतं. आता त्याला नुसता श्वासही पुरत होता.

"यो मशीन मना घाबरतंय काय गो?" जनाआजीने मला विचारलं. अख्ख्या मांडवाने ऐकलं. मग तिने माइक स्टँडवरून काढून हातात घेतला आणि धवला सुरू केला.

मी जन्मापासून धवले ऐकत आले, पण शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ती एकेका देवाला, एकेका गेलेल्या माणसाला नाव घेऊन हळदीला बोलावत होती. माझ्या आजोबांनाही. तिच्या प्रत्येक ओळीला ते एवढं मोठं मशीन मान खाली घालत होतं. पप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले.

धवला संपला. माइक मात्र सुटला नाही. पोरांना नाचायचं होतं, पण आजीच्या बांगड्या वाजल्या तरी म्युझिक बसत होतं.

"माइक घे तिच्याकडून," परेश पुटपुटला.

"तू घे."

परेश गेला नाही. दादाने सगळी बटणं दाबली. दिवे लुकलुकले, बाकी काही नाही.

"स्वतःचं मशीन आवरत नाही तुला?" पप्पांचा आवाज चढला. "उद्यापासून माळ्यावर."

दादाने मान खाली घातली. माझं नाव काही त्याने घेतलं नाही.

"दादाचं काही नाही..." मी ओठातल्या ओठात म्हणाले.

"काय पुटपुटतंस गो? मोठ्यान बोल," म्हणत जनाआजीने माइक माझ्या तोंडाशी धरला. माझ्या नुसत्या श्वासाने मांडव गप्प झाला. दोनेकशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि हात वर न करताच माझा नंबर आला होता.

"पप्पा, ते सेटिंग मी चालू केलं, न वाचता. बंद कसं करतात ते मलाही माहीत नाही. तुम्ही आजीला सांगून बघा ना, मशीन तिचं ऐकतं."