देवाच्या डोहातला खडस

कोल्हापुरात गळ टाकणारे पुष्कळ होते, पण धरलेला मासा परत सोडणारा मी एकटाच असेन. बायको म्हणायची, "दिवसभर उन्हात उभं राहायचं, मासा धरायचा, सोडायचा आणि येताना बाजारातनं विकत घेऊन यायचा. लोकांना सांगू तरी काय मी?"

माझी मासेमारी साधी नव्हती. गळाला गांडूळ किंवा कणीक न लावता कोंबड्याच्या मानेच्या पिसांची खोटी माशी बांधायची आणि ती वाहत्या पाण्यावर अलगद उतरवायची. पिसं मागायला गेलो की कोंबडीवाला खालच्या आवाजात विचारायचा, "साहेब, करणी-बिरणी न्हाई न्हवं?" गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो, तो मी कानशीने घासून टाकत असे. त्यामुळे मासा सोडवताना त्याचा ओठ फाटत नाही, फक्त बारीक भोक पडतं.

नव्वदच्या दशकात सुट्टी मिळाली की मी एस्टीने चंदगडच्या बाजूला जायचो. तिथल्या डोंगरातून उतरणारी एक नदी मला फार आवडे. पंचगंगा तेव्हाच काळवंडू लागली होती. ह्या नदीचा मात्र तळ दिसायचा. तिथे मला एक वाटाड्या मिळाला. बौद्धवाडीतला, शेतमजुरी करणारा, आणि घरच्या कालवणापुरते मासे गळाने धरणारा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. तो मला 'साहेब, तुमी' म्हणायचा आणि मी त्याला 'अरे' म्हणायचो. हे त्या काळी मला खटकलं नाही, तेही इथेच लिहून ठेवतो.

गावाच्या देवळाखाली एक खोल डोह होता. त्यात हातभर लांबीचे खडस मासे फिरायचे. ते देवाचे मासे. त्यांना चुरमुरे टाकायचे, धरायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "एकच माशी टाकून बघू का रे? सोडूनच देणार."

"न्हाय साहेब. तितं गळ टाकायचा न्हाय."

"तू कुठं देव मानतोस?"

"देव न्हाय मानत, डोह मानतो. हितं मोटं झालेलं मासंच पावसात अंडी घालाय वर जात्यात. ह्ये ऱ्हायलं तर खालची नदी ऱ्हाती."

नदी वाचवण्याबद्दल मी पुढे भाषणं केली, त्यांत हे वाक्य माझं म्हणून वापरलं. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांविरुद्ध गावकऱ्यांना गोळा केलं, समिती काढली. अक्षर चांगलं म्हणून समितीच्या वहीत ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं.

एका एप्रिलमध्ये मी गेलो, तेव्हा वाटाड्या नात्यातल्या लग्नाला गेला होता. दुपारी देवळात कुणी नव्हतं. डोह आटून अर्धा झाला होता, पाणी कोमट होतं. मी माशी टाकली.

खडस लगेच लागला. अर्धा तास तरी त्याने मला झुंजवलं. शेवटी काठावर घेतला. त्याला ओल्या दगडावर ठेवलं, टेपने मोजलं, कॅमेरा दुसऱ्या दगडावर ठेवून आपोआप निघणारा फोटो लावला आणि त्याला हातात धरून बसलो. पहिला नीट आला नसेल म्हणून दुसराही काढला. मग पाण्यात सोडला. तो थोडा वेळ उथळात कल्ले हलवत थांबला, मग हळूच खाली गेला. मी समाधानाने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवाला तो पोट वर करून तरंगताना दिसला.

सभामंडपात गाव जमलं. मी तिथल्याच एका घरी मुक्कामाला होतो, मलाही बोलावलं. मासा फरशीवर ठेवला होता.

"ओठाला भोक हाय. गळाचंच काम."

"गळ टाकतंय कोण हितं? साहेब, न्हायतर त्यो."

"साहेब मासं सोडून देत्यात की!"

सगळे हसले. माझा चांगुलपणाच माझा साक्षीदार झाला.

वाटाड्या रात्रीच लग्नाहून परतला होता. त्याला बोलावणं गेलं. तो पायऱ्यांखाली उभा राहिला. "मी गावात न्हवतो," म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मग त्याने वाकून माशाचं तोंड बघितलं. त्याच्या गळाला उलटा काटा असायचा, त्याने ओठ फाटतो. हे भोक बारीक, गोल होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो थांबला.

मी समितीच्या वहीत बघत होतो.

त्याने नदीत पुन्हा गळ टाकू नये आणि डोहाकडे फिरकू नये, असा ठराव झाला. तो मी लिहिला, वळणदार अक्षरात.

पुढच्या वर्षी तो तालुक्याच्या गावी काजूच्या कारखान्यात भट्टीवर लागला. मी नदीवर जाणं कमी केलं, मग बंद केलं. निवृत्त झाल्यावर कपाट आवरताना ते दोन फोटो हाती आले. माझ्या हातात खडस, मागे देवळाच्या पायऱ्या. त्याच आठवड्यात मी कारखाना शोधत गेलो. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते. पहिल्यांदाच त्याला 'तुम्ही' म्हणालो आणि सगळं सांगितलं.

"म्हाईत हाय की," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी बोलशिला म्हणून थांबलो." मग म्हणाला, "मला सांगून काय उपेग? गावात सांगा."

मी गेलो. देवळात चार जुनी माणसं बसली होती. फोटो त्यांच्यापुढे ठेवले. ते हातोहात फिरले.

"केवढा हुता बघ!"

"जाऊ द्या की साहेब, किती वर्सं झाली. मासाच तर हुता. च्या घ्या."

त्याच्या वेळी तोच मासा देवाचा होता. मी समितीची वही मागितली. ती वाळवीने खाल्ली म्हणाले. चहा घेऊन मी उठलो.

परत जाऊन त्याला हे सांगितलं. त्याने भट्टीत काजूची टरफलं लोटली.

"लिवलंय का कुटं?"

"वहीच राहिली नाही."

"मग दुसऱ्या कागदावर लिवा. त्यो ठराव तुमीच लिवला हुता. अक्षर चांगलं हाय तुमचं."

मी हो म्हणालो आणि त्यालाही काही वर्षं लावली. मध्यंतरी तो गेल्याचं कळलं. त्या डोहावर तो शेवटपर्यंत गेला नव्हता, असं त्याच्या बायकोने सांगितलं. ठराव मोडायला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर आता लिहितो. तो ठराव खोटा होता. त्या दिवशी तो गावात नव्हता. देवाच्या डोहातला खडस मी धरला, दोन फोटोंसाठी पाण्याबाहेर ठेवला, आणि तो माझ्या हातून मेला.