आण्णांचे लाकडी ठोकळे

कोल्हापूरबाहेरच्या आमच्या गोल्फच्या मैदानाची देखभाल माझ्याकडं आहे. इथं गवत कमी उगवतं, किस्से जास्त. त्यातले निम्मे आण्णा सुतारांच्या ठोकळ्यांचे.

पहिला फटका कुठून मारायचा ते दाखवायला दोन ठोकळे रोवतात. त्यांना म्हणायचं टी मार्कर. पांढरे मागं, तरबेज लोकांसाठी. लाल बरेच पुढं, बायका आणि म्हाताऱ्यांसाठी. आण्णा ते बाभळीचे करतात.

*

पहिले ठोकळे रोवले त्याच दिवशी शेजारचे शेतकरी रामभाऊ चार माणसं घेऊन आत घुसले. रंगीत खुंट्या बघून त्यांना वाटलं, हायवेची मोजणी झाली.

"पावणं, रस्ता आमच्या उसातनं जाणार न्हाय."

मी घाबरून त्यांना अख्खा गोल्फ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे चेंडू लांब घालवायचा आन् मग हुडकत फिरायचं? त्यापरीस रस्ता बरा की."

*

पावसाळ्यानंतर ठोकळ्यांना नवा रंग लागतो. एकदा आमचे सेक्रेटरी साहेब बुटाची लेस बांधायला नेमके ओल्या लाल ठोकळ्यावर टेकले. पँट पांढरी.

"आण्णा, हे निघेल का?"

आण्णांनी मागून नीट निरखलं. "न्हाय साहेब. यंदा रंग चांगल्या कंपनीचा आणलाय."

*

एका स्पर्धेत पाहुण्यांनी उद्घाटनाचा फटका मारला. चेंडू ठोकळ्यावर आपटून उलटा आला आणि मांडवात फोटोग्राफरच्या चहात पडला.

"हा ठोकळा मध्येच कुणी लावला?" पाहुणे तापले.

आण्णा म्हणाले, "दोन हायत साहेब. मधनं मारायचं असतंय."

*

आमचे डॉक्टर पंचाहत्तरीचे. गुडघे गेलेले, फटका पोचेना. पण लाल ठोकळ्यांवरून खेळायचं नाव काढलं की भडकायचे. शेवटी म्हणाले, "आता किट विकून टाकतो."

आण्णांना ते सहन होईना. डॉक्टरांच्या खेळायच्या दिवशी ते पहाटे येऊन पांढरे ठोकळेच थोडे पुढं रोवू लागले. दर आठवड्याला आणखी थोडे. सगळ्या क्लबाला माहीत, पण कुणी बोललं नाही. डॉक्टर मात्र खुलले. "या वयात हात बसलाय बघा," म्हणून सगळ्यांना सांगत सुटले.

एका रविवारी ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन शेडमध्ये आले. आण्णा रंधा मारत होते. डॉक्टरांनी बॉक्स त्यांच्या हातात दिला, दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आण्णा, उद्या बायको माझा खेळ बघायला येणार हाय. आणखी हातभर पुढं घे."