पोटात बाळ, पाठीत गाठ

गरोदर बाईने मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत ‘पाठ दुखते’ असं एकदा म्हणून बघावं. किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही, लोक घरपोच आणून देतात. माझ्याकडे ढीग झालाय.

*

पाचवा महिना होता. आडवं पडलं की पाठ जास्तच दुखायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, गादी बदल. माझी गायनॅक म्हणाली, पोट वाढलं की पाठ बोलणारच. नीलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ऑनलाइन प्रेग्नन्सी पिलो मागवली. ती एवढी अवाढव्य निघाली की पलंगावर मी आणि उशी मावलो, नीलेश हॉलमध्ये झोपायला गेला. पाठ होती तशीच.

*

एकदा भाजी घेऊन आले तर सासूबाईंनी विचारलं, दुसरी चप्पल खंय? डाव्या पायातली चप्पल रस्त्यात कुठेतरी निघून गेली होती आणि मला कळलंच नव्हतं. गायनॅकने त्याच दिवशी पाय तपासले, चेहरा उतरला तिचा, आणि लगेच एमआरआय करायला पाठवलं.

सेंटरवरचा टेक्निशियन तयारच होईना. प्रेग्नंट बाईला रेडिएशन कसं देऊ म्हणे. यात रेडिएशन नसतं, चुंबक असतं, हे गायनॅकने त्याला फोनवर समजावलं. मग सवयीने म्हणाला, "आत फक्त एकच जण अलाउड आहे."

मी पोटाकडे बघितलं.

*

मणक्यातली गाठ मज्जारज्जूला दाबत होती. कॅन्सरच असावा, असं डॉक्टरांचं म्हणणं. आमच्याकडे तो शब्द कोणी उच्चारेना. काकू नुसतं ‘ते’ म्हणायच्या, तेही हळू आवाजात, जणू गाठीला ऐकू जाईल.

*

डॉक्टरांची मीटिंग झाली. सर्जन म्हणे पेशंट, गायनॅक म्हणे मदर, बाळाचे डॉक्टर बाळाबद्दल बोलत होते. मी समोरच बसले होते. शेवटी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि विचारलं, "माझे पाय वाचतील का?"

सर्जन सरळ म्हणाला, "आता काढली तर चान्स आहे. डिलिव्हरीपर्यंत थांबलो तर नाही."

मी हो म्हटलं. मला कुशीवर झोपवून, बाळाचे ठोके ऐकत ऐकत ऑपरेशन केलं. तपासणीत कॅन्सरच निघाला. रेडिएशन बाळंतपणानंतर द्यायचं ठरलं.

*

मी शुद्धीवर आल्यावर सर्जनने पायाचा अंगठा हलवायला सांगितला. हलला, थोडासाच. नीलेश भिंतीकडे तोंड करून रडला. काकू भेटायला आल्या, तर मी त्यांनाही हलवून दाखवला. त्या म्हणाल्या, "ते असू दे गं. बाळ हलतंय ना?"

*

मुलगी झाली. मग रेडिएशन, फिजिओ, वॉकर. ती रांगायला लागली तरी माझा वॉकर सुटला नव्हता. एका दुपारी हॉलमध्ये आमच्या दोघींची प्रॅक्टिस चालली होती. सासूबाईंनी घाईघाईने नीलेशला ऑफिसात फोन लावला.

"अरे, चलली रे. कशाक धरल्यान नाय."

पलीकडून नीलेशने विचारलं, "कोण?"